रिकामा पाळणा हलवू नये

"मावशी, खाली उतरता का जरा? ह्याला बघा ना."

मी स्टुलावर उभी होते. देवळाच्या मधल्या तुळईला पाळण्याच्या कड्या होत्या, त्यांना खोबरेल चोळत होते. तीन वर्षं न हललेल्या कड्या. बोट लावलं की गंजाचा भुगा डोळ्यांत पडायचा. खाली एस्तेर उभी होती आणि तिच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेला शमू. त्याचं नाक आणि कपाळ एवढंच दिसत होतं.

"काय झालं गं?"

"रातीपासनं दूध घेत न्हाई. नुसता कण्हतोय."

चोवीस डिसेंबरची सकाळ होती, अठ्ठ्याहत्तर सालची. बाहेर ज्वारी हुरड्याला आलेली, त्यामुळे वाऱ्याला गोड, हिरवा वास होता. मी पदराला हात पुसले आणि उतरले.

सोनखडीत आमची ख्रिस्ती घरं चाळीस. मी तिथली बायबलबाई. म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, बाळंतिणीला धीर द्यायचा. त्याआधी चार वर्षं तालुक्याच्या मिशन दवाखान्यात लेकरांच्या वॉर्डात आया होते. त्यामुळे गावात कुणाचं लेकरू शिंकलं तरी आधी माझ्या दारात यायचं. मी 'ने दवाखान्यात' म्हटलं की माणसं भाकर ताटात टाकून उठत. मी 'काही नाही' म्हटलं की झोपी जात.

एस्तेरला लग्नानंतर नऊ वर्षांनी हे लेकरू झालं होतं. देवाकडे मागून घेतलेलं, म्हणून नाव शमुवेल. नऊ वर्षं तिनं काय ऐकलं ते मला ठाऊक होतं. आम्ही प्रभूची माणसं म्हणवतो, पण बारशाला तिला कुणी पुढं बसवायचं नाही, नवं लेकरू तिच्या ओटीत घालायचं नाही. तिच्या सख्ख्या जावेनं एकदा तिच्या हातातून पाळण्याची दोरी काढून घेतली होती. "तू बस गं, दमली असशील," असं गोड बोलून.

आणि आता त्याच एस्तेरचा शमू उद्या देवळाच्या पाळण्यात निजायचा होता.

हा पाळणा म्हणजे आमच्या गावची रीत. आणखी कुठं मी ती पाहिली नाही. नाताळच्या सकाळी व्यासपीठाजवळ लाकडी पाळणा टांगायचा, मंडळीतलं सगळ्यांत लहान लेकरू त्यात निजवायचं आणि बायकांनी भोवती उभं राहून ख्रिस्तजन्माचा पाळणा म्हणायचा. तो पुरा होईपर्यंत पाळकसाहेबसुद्धा तोंड उघडायचे नाहीत. वर्षातला तेवढा अर्धा तास देवळात बायकांचं राज्य. पण लेकरू नसेल तर पाळणा नाही. रिकामा पाळणा हलवू नये, हे आमच्या आज्यांनी धर्म बदलला तेव्हाही सोडलं नव्हतं. तरणी पोरं पुण्याला, पिंपरीला कामाला गेली, त्यांची लेकरं तिकडेच जन्मू लागली. तीन नाताळ पाळण्यावर चादर टाकलेली राहिली.

त्या तीन वर्षांत मी एक पाळणा रचला होता. जात्यावर, विहिरीवर, चालता चालता. बारा दिवसांचा, आईच्या तोंडून ऐकलेल्या चालीवर.

*पहिल्या दिवशी गोठ्याचं दार,*
*वाऱ्यानं वाजे, थंडी अपार,*
*गव्हाणीत निजे जगाचा आधार,*
*जो बाळा जो जो रे जो.*

तो कुणी ऐकला नव्हता. उद्या जिल्ह्याहून चर्चमंडळाचे निरीक्षकसाहेब येणार होते. गाण्यांचं नवं पुस्तक निघायचं होतं आणि आमच्या पाळकसाहेबांनी त्यांना कळवलं होतं, की आमच्या एका बाईचा पाळणा ऐकून जा.

मी शमूला बाकावर घेतलं, दुपटं सोडलं, झबलं वर केलं. खिडकीतलं पिवळं ऊन त्याच्या पोटावर पडलं. मी बघितलं. मग झबलं खाली ओढलं आणि कुंचीची नाडी बांधली.

"सर्दी हाय," मी म्हटलं. "ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेक. उद्या उपासना झाली की बघू."

एस्तेर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "नक्की ना, मावशी?"

"चार वर्षं लेकरंच बघितलीत मी."

"ह्याचे बाबा दोनच्या यष्टीनं तालुक्याला नेऊ म्हणत्यात."

"सुमंतला सांग, सगुणामावशीनं बघितलंय."

तिनं श्वास सोडला. इतका मोठा, की दुपट्याची झालर हलली. मग ती हसली. "मी त्याला नवं झबलं शिवलंय, मावशी. पांढरं. बाहीला लेस लावलीय, जावबाई बघतच राहतील."

"बघू देत की. नऊ वर्षं तू बघितलंस."

ती शमूला घेऊन गेली. मी पुन्हा स्टुलावर चढले.

दुपारी आम्ही बायका सरावाला जमलो. पाळण्याची दोरी धरायचा मान सारूबाईचा. ऐंशी वर्षांची, दात नाहीत, पण जीभ शाबूत.

"सगुणे, तुझ्या पाळण्यात बारा दिवस हायेत. माझ्यात तेवढे उरलेत का ते आधी बघ."

"सारूबाई, तुम्ही लेकरं मारणाऱ्या हेरोद राजाला पुरून उरलात, बारा दिवसांचं काय!"

"हेरोद बरा गं. त्याला सुना नव्हत्या."

बायका हसल्या. आम्ही पहिल्या दिवसापासून सुरू केलं. पाचव्या दिवसाशी आवाज जुळले. तो दिवस मला सगळ्यांत प्रिय होता.

*पाचव्या दिवशी पाचवी ना पुजली,*
*मरिया माय जागत बसली,*
*कूस कुणाची, कुणाला दिधली,*
*जो बाळा जो जो रे जो.*

सारूबाईनं डोळ्याला पदर लावला. "हे कुठून आलं गं तुला? तू तर कधी कूस उजवली न्हाईस."

ती वाईट बोलली नाही. खरंच विचारत होती. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, मग मी आणि शास्त्र. त्या बारा दिवसांखेरीज माझं म्हणून जगात काही नव्हतं.

तेवढ्यात दारात सुमंत आला. एस्तेरचा नवरा. गवंडीकाम करायचा. हाताला सिमेंट वाळलेलं, डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. मागे एस्तेर, कडेवर शमू. सुमंतच्या दुसऱ्या हातात पिशवी, तीतून दुधाच्या बाटलीचं बूच दिसत होतं.

"सलाम, मावशी. लेकरू मला बरं वाटत न्हाई."

"सर्दी आहे, सुमंत."

"तुम्ही म्हणता ते खरं असंल. पर मी म्हणतो, डाक्टरला दाखवून यावं. पावणेदोन झालेत, गाडी यायची हाय."

"आणि उद्या सकाळी परत कसे याल? पहिली गाडी अकराला येते. तोवर सगळं उरकलेलं असेल."

"मग उरकू द्या की."

पाळकसाहेब उजागरे हातात कागदी ताऱ्यांची माळ घेऊन उभे होते, ते पुढे आले. त्यांचा आवाज नेहमी मऊ असायचा. "सुमंत, सगुणाबाईंनी बघितलंय ना? त्यांना आपल्यापेक्षा कळतं. मग आपण विश्वास ठेवावा. आणि लेकरू कुठं निजणार आहे उद्या? प्रभूच्या जागी. तिथं त्याला काय व्हायचंय?"

सुमंतनं एस्तेरकडे बघितलं. "तू सांग. तू आई हायेस."

आता तेवढा एकच क्षण होता. माझ्याही ते लक्षात आलं. एस्तेर माझ्याकडे बघत होती. मी मान वळवली नाही, की हलवलीही नाही. तिच्याकडे बघून हसले, वॉर्डात लेकरांच्या आयांकडे बघून हसायचे तसं.

"मावशींनी बघितलंय," एस्तेर म्हणाली. "उद्या दुपारी जाऊ."

सुमंत पिशवी बाकावर ठेवून बसला. आम्ही पुन्हा सुरू केलं. एस.टी. फाट्यावर येऊन थांबली तेव्हा आम्ही सातव्या दिवसावर होतो. मेंढपाळ आले, काठ्या टेकून उभे राहिले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. आठव्या दिवशी बाळाचं नाव ठेवलं, आणि गाडीचा आवाज खिंडीकडे गेला.

नाताळच्या सकाळी देऊळ भरलं होतं. पुण्याहून सुटीला आलेली माणसं, त्यांच्या बायकांच्या नव्या साड्या, कानात अत्तराचे फाये. आमच्यातले नसलेले गावचे पाटीलही आले होते, पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते. निरीक्षकसाहेबांना खुर्ची दिली होती. तुळईला पतंगाच्या कागदाच्या पताका, झेंडूच्या माळा. पाळण्यात सारूबाईनं आपल्या लुगड्याची घडी घातली.

एस्तेर मधल्या वाटेनं चालत आली. नऊ वर्षं ती शेवटच्या रांगेत बसत होती, भिंतीला टेकून. त्या दिवशी सगळी मंडळी तिच्यासाठी उठून उभी राहिली, तशी रीतच होती. तिची जाऊ पदर सावरून बाजूला सरली, वाट दिली. एस्तेरचा चेहरा मी नंतर पुष्कळ वेळा आठवून बघितला. मरिया माय म्हणून चित्रांत रंगवतात ती खोटी आहे. तिच्या चेहऱ्यावर शांती नव्हती. भुकेल्या माणसाला पंक्तीत बसवलं की होतो, तसा चेहरा होता तो.

तिनं शमूला पाळण्यात ठेवलं. पांढरं झबलं, बाहीला लेस. तो रडला नाही.

"किती शहाणं लेकरू," कुणीतरी म्हणालं.

आम्ही म्हणू लागलो. सारूबाईनं दोरी ओढली, कड्या अजिबात वाजल्या नाहीत. पहिला दिवस. दुसरा. माझ्या आवाजामागून पंधरा आवाज, त्यांच्यामागून अख्खं देऊळ 'जो बाळा जो जो रे जो' म्हणत उचलून धरत होतं. निरीक्षकसाहेबांनी खिशातून कागद काढला आणि लिहू लागले. पाटलांनी डोळे मिटले होते. पाचव्या दिवशी मागच्या बाकांवर बायका रडत होत्या, आणि मी, देवा, मी तेव्हा सुखी होते. आयुष्यात तेवढी मी कधीच झाले नाही, आधीही नाही, नंतरही नाही.

नवव्या दिवशी मी पाळण्यात बघितलं. शमूच्या ओठांचा रंग जांभळासारखा झाला होता.

मी दहावा दिवस म्हटला. अकरावा म्हटला.

*बाराव्या दिवशी माय विचारी,*
*कुणाच्यासाठी आलास घरी,*
*बाळ हासे, बोलेना परी,*
*जो बाळा जो जो रे जो.*

शेवटची ओळ मंडळीनं तीन वेळा म्हटली. मग मी वाकून लेकरू उचललं आणि एस्तेरच्या हातात दिलं. "ह्याला आत्ताच्या आत्ता न्यायला पाहिजे," मी म्हटलं.

निरीक्षकसाहेबांची जीप होती. सुमंत, एस्तेर आणि मी. बावीस कोस वाटावेत असे ते बावीस किलोमीटर. एस्तेर वाटेत एकदाच बोलली. "ह्याचा हात गार लागतोय, मावशी. थंडी हाय ना बाहेर?" मी म्हटलं, "हो, थंडी आहे." नदीच्या पुलावर जीप चढली तेव्हा शमूनं एक लहानसा आवाज केला, दार लोटल्यासारखा. पुढचा श्वास आला नाही. सुमंतनं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता सावकाश चालवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी माती दिली. पेटी सुमंतनंच बनवली, सेंटरिंगच्या फळ्यांची. पाळकसाहेब म्हणाले, "ज्या दिवशी ख्रिस्त आपल्याकडे आला, त्याच दिवशी त्यानं ह्या लेकराला आपल्याकडे बोलावलं. केवढं भाग्य." हे वाक्य मी कितीतरी बायकांच्या उशाशी बसून त्यांना सांगितलं होतं. ऐकताना कसं लागतं ते मला माहीत नव्हतं.

माती लोटून झाली आणि सुमंत, जो कधी आवाज चढवत नसे, सगळ्यांसमोर एस्तेरला म्हणाला, "मी पिशवी भरून आणली होती. तू आई होतीस ना?"

एस्तेर खाली बघत होती. 'मावशी म्हणाल्या होत्या' एवढे तीन शब्द तिनं म्हटले असते तर पुरे होतं. तिनं म्हटले नाहीत. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. माझ्या तोंडात मातीसारखं काहीतरी आलं आणि मी ते गिळलं.

सुमंत पुढच्या जूनमध्ये नाशिकला कामाला गेला. आधी सणाला यायचा, मग पत्र यायचं, मग काहीच नाही. एस्तेरला पुन्हा मूल झालं नाही. ती देवळात पुन्हा शेवटच्या रांगेत बसू लागली. पाळणा खाली उतरवला, त्यावर कुणी बोललं नाही. माझं गाणं मात्र पुस्तकात छापून आलं. कुठल्या कुठल्या गावांत पोरी ते म्हणतात, असं कानावर येतं. पुस्तक माझ्या घरी आहे. मी ते उघडलेलं नाही.

हे सगळं होऊन एकतीस वर्षं झाली, तेव्हाची गोष्ट आता सांगते. तीच सांगायची आहे.

माझे गुडघे गेले, डोळ्यांत मोती पिकले. मला पुढंमागं कुणी नाही. एस्तेरनं मला धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. रोज दोन भाकरी आणायची, आठवड्यातून एकदा डोकं धुवायची, महिन्याला पायांची नखं काढायची, कारण मला वाकता येत नाही. मी म्हणायचे, "पोरी, का करतेस एवढं?" ती म्हणायची, "मावशी, त्या दिवशी जीपमध्ये तुम्ही होता."

तिच्या हातची भाकर मी एकेक घास मोजून गिळायचे.

त्या वर्षी नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी नवे पाळक बोलले. तरणे होते, शब्द जपून वापरायचे. ते म्हणाले, "पाहुणा यायचा असला की आपण ओसरी सारवतो. पण हा पाहुणा ओसरीवर बसणारा नाही. तो विचारतो, आतल्या खोलीत काय आहे? तिथं दिवा घेऊन जाणं म्हणजे त्याच्या येण्याची तयारी." मला वाटलं, हे माझ्यासाठीच आहे. पंचाहत्तरी उलटली होती. ओझं घेऊन मरायचं नव्हतं. मी ठरवलं, एस्तेरला सांगायचं. त्या तीन दिवसांत मला इतकं हलकं वाटलं, की मी कितीतरी वर्षांनी कामं करताना गुणगुणले.

बुधवारी दुपारी ती आली. अंगणात ऊन होतं. घमेल्यात कोमट पाणी ओतून तिनं माझे दोन्ही पाय त्यात सोडले. थोड्या वेळानं उजवा पाय काढून आपल्या मांडीवर घेतला, पुसला आणि नखं काढू लागली. तिचे केस पांढरे झाले होते. मला ते तेव्हा पहिल्यांदा दिसले.

"एस्तेर, मला तुला एक सांगायचंय. शमूचं."

तिचा हात थांबला नाही. "सांगा की."

"त्या दिवशी सकाळी मी त्याचं झबलं वर केलं तेव्हा मला दिसलं होतं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. दवाखान्यात सिस्टरनं आम्हाला तेच तर शिकवलं होतं, तापाकडे बघू नका, बरगड्या बघा. खड्डा पडला की एक तासही थांबू नका. मला दिसलं, आणि मी झबलं खाली ओढलं."

शेवटच्या बोटाचं नख काढलं, पाय हळूच खाली ठेवला.

"पाळणा म्हणायचा होता मला," मी म्हटलं. "माझा पाळणा. एक दिवस निघेल असं वाटलं. एक दिवस लेकरू काढेल. देव तेवढं बघेल, त्याचंच तर गाणं होतं." मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. "मला क्षमा कर, पोरी."

एस्तेर हातातल्या नखांच्या कात्रीकडे बघत होती.

"खड्डा मी बघितला होता, मावशी," ती म्हणाली.

"काय?"

"सकाळी. उठल्या उठल्या. तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला, बायकांच्या सभेत. बरगड्या बघा म्हणून. मी बघितल्या. मग तुमच्याकडं आले."

"मग तू..."

"तुम्ही 'न्हाई' म्हणावं म्हणून आले. मला ठाऊक होतं, तुम्ही 'जा' म्हणाला तर मी जाईन. आणि 'काही न्हाई' म्हणाला तर मला जायला नको. नऊ वर्सं मला कुणी दोरी धरू दिली न्हवती, मावशी. एकदा मधल्या वाटेनं चालायचं होतं." तिनं कात्री मिटली. "झबलं शिवून झालं होतं."

वाऱ्यानं शेजारच्या शेवग्याची पानं अंगणात आली. मी तिच्या हाताकडे हात नेला. तिनं आपला हात मागे घेतला, रागानं नाही, विस्तवाजवळून घेतात तसा.

"तुम्हाला एक सांगू?" ती म्हणाली. "एकतीस वर्सं मी एकाच गोष्टीवर निजत आले. मी बघितलं खरं, पर मावशीला दिसलं न्हाई. मावशी दवाखान्यात शिकलेल्या. मग मला दिसलं ते खोटं असंल. थंडीनं पोट उडत असंल. सकाळी काही न्हवतंच, दुपारनंतर काहीतरी आलं असंल, जे कुणाच्याच हातात न्हवतं. ह्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, तू आई होतीस ना, तेव्हाबी मी मनात तेच धरलं. देवाला रोज तेच सांगितलं. मावशीला दिसलं न्हवतं, देवा."

"एस्तेर..."

"तुमचं ओझं उतरलं का?"

मी पाण्यातल्या डाव्या पायाकडे बघितलं.

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं," ती म्हणाली. "देवाला सांगायचं. त्याला सोसतं."

ती उठली. साडीवरचं पाणी झटकलं, कात्री पदराच्या टोकानं पुसली, भाकरीचं फडकं घडी करून घेतलं. फाटक लावायला ती कधी विसरत नसे, त्या दिवशीही विसरली नाही. मी खुर्चीवर बसून राहिले. डावा पाय पाण्यातच होता. ऊन गेलं, पाणी गार झालं, मला पाय उचलता आला नाही. शेवटी शेजारची सून पाण्याला आली, तिनं तो उचलला.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. मी प्रार्थना करायला बसले, तर काय मागावं ते सुचेना. क्षमा मागून झाली होती. ती जिच्याकडे मागायची तिचं होतं नव्हतं ते मी काढून घेतलं होतं. प्रभू येतो म्हणतात, पाप्यांसाठी येतो. मी दार उघडून बसले होते आणि आतल्या खोलीत दिवा लावला होता. तिथं कुणी आलं नाही. फक्त उजेड पडला, आणि त्यात आम्ही दोघी एकमेकींना दिसलो.

शनिवारी फाटक वाजलं. एस्तेर आत आली. फडक्यात दोन भाकरी बांधलेल्या, त्या तिनं शिंक्यावर ठेवल्या. चुलीवर पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं, बोट बुडवून कोमट आहे का ते पाहिलं. तिचे डोळे सुजलेले नव्हते. त्यांत काहीच नव्हतं. उपवासाच्या दिवशी भांडी घासून पालथी घालतात, तसे ते होते.

पाट ओढून ती माझ्या पायाशी बसली. एकतीस वर्षांत तिनं मला नावानं कधी हाक मारली नव्हती.

"एक पाय राहिला होता," ती म्हणाली. "पुढं करा, सगुणाबाई."